युद्धावरून परतलेला नवरा

मी न्हाणीघराच्या दाराशी आले तेव्हा सासूबाई बंबासमोर पाटावर बसून माझं पुस्तक जाळत होत्या. घाई नव्हती, रागही दिसत नव्हता. दहा-बारा पानं उपसायची, त्यांची उभी घडी घालायची आणि निखाऱ्यांवर सरकवायची. निम्मं पुस्तक संपलं होतं.

"आई, ते माझं पुस्तक आहे."

"होतं," त्या म्हणाल्या. "पाणी तापलंय. तू घेतेस आधी, का सुबोधला पाठवू?"

मी वाकून उरलेलं पुस्तक ओढलं. त्यांनी सोडलं नाही. माझ्या हातात नुसतं कव्हर आलं. त्यावर पांढऱ्या टोपीतली नर्स होती, तिच्यामागे धुरानं भरलेलं शहर आणि वरच्या कोपऱ्यात एका शिपायाचा देखणा चेहरा. सासूबाईंनी तेही माझ्या हातातून काढून घेतलं.

"परवा बुधवारी बायांना हेच सांगितलंस ना?"

"हो."

"मग झालं की. सांगून झालेल्या पुस्तकाचं काय करायचंय?"

कव्हरवरचा गुळगुळीत रंग आधी फुगला, मग काळा पडला. त्या उठल्या, पदरानं हात पुसले आणि माझ्या बाजूनं निघून गेल्या. मी त्या घरात येऊन तेव्हा आठ महिने झाले होते. ही गोष्ट नगरची, एकोणीसशे एकोणसत्तर सालची.

माझी सासू तबिथाबाई उजागरे. मिशनच्या दवाखान्यात पंचवीस वर्षं नोकरी केलेली, आयापासून सुरुवात करून नर्स झालेली बाई. बोलणं मोजकं, आणि त्यातलं बरंचसं टोचणारं. डाव्या कानानं त्यांना अजिबात ऐकू यायचं नाही, म्हणून कोणी बोलायला लागलं की त्या मान वळवून उजवा कान पुढे करायच्या आणि माणसाकडे तिरक्या बघायच्या. मला ते बघणं सहन व्हायचं नाही.

चर्चमध्ये मात्र त्यांना मोठा मान होता. सासरे इसहाक उजागरे दुसऱ्या महायुद्धात फौजेबरोबर इटलीपर्यंत गेले होते. लढाईतून वाचले आणि परतताना जहाजावर तापानं वारले. शव समुद्रातच सोडावं लागलं, त्यामुळे कबर नाही. सासूबाई तेव्हा चोवीस वर्षांच्या, पदरात चार-पाच वर्षांचा मुलगा. पुन्हा लग्न केलं नाही. फौजेची पेन्शनसुद्धा कधी मागितली नाही. केवढा स्वाभिमान, असं लोक म्हणायचे. बैठकीच्या खोलीत सासऱ्यांचा वर्दीतला फोटो होता आणि दर मार्चमध्ये त्या फोटोखाली स्मरणाची प्रार्थना व्हायची. माझे यजमान सुबोध एका शाळेत चित्रकला शिकवायचे. लहानपणापासून त्यांनी तोच फोटो पेन्सिलीनं पन्नास वेळा तरी काढला असेल.

माझी पुस्तकं मला पुण्याच्या कॉलेजात भेटली. आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या मिस हार्डविक मायदेशी परत जाताना आठ कादंबऱ्या मला देऊन गेल्या. सगळ्या युद्धाच्या काळातल्या आणि सगळ्या ख्रिस्ती. कुठं शेतावरची मुलगी जखमी वैमानिकाला गोठ्यात लपवते, कुठं देवावरचा विश्वास उडालेला डॉक्टर एका नर्सच्या प्रार्थनेनं पुन्हा गुडघे टेकतो. बॉम्ब पडतात, पत्रं हरवतात आणि शेवटच्या प्रकरणात तो परत येतो. बहुतेक वेळा कुबडी घेऊन, बहुतेक वेळा चर्चच्या दाराशी. मला ती पुस्तकं मनापासून आवडायची. मी ती इतक्या वेळा वाचली होती की मिटल्या डोळ्यांनी मराठीत सांगू शकत होते.

तेच मी करायला लागले. बुधवारी दुपारी तीन वाजता चर्चमागच्या हॉलमध्ये महिला मंडळ भरायचं. आधी तिथं सासूबाई बायबलमधला उतारा वाचून समजावून सांगायच्या, आणि नऊ-दहा बायका पेंगत ऐकायच्या. एकदा त्यांना सर्दी झाली म्हणून पाळकीणबाईंनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या पत्नीनं, मला उभं केलं. मी एका कादंबरीची अर्धी गोष्ट सांगितली. पुढच्या बुधवारी पंचवीस बायका आल्या, त्याच्या पुढच्या बुधवारी चाळीस. सासूबाईंचा उतारा आपोआप दहा मिनिटांवर आला.

त्यामुळे पुस्तक जळालं त्या दिवशी मला कारण शोधावं लागलं नाही. मत्सर. दुसरं काय असणार? जळालेल्या गोष्टीत एक दारुडा, हात उचलणारा नवरा युद्धावर जातो, खंदकात त्याला देव भेटतो, तो पार बदलून घरी येतो आणि बायको त्याच्यासाठी दार उघडते. ती ऐकताना अर्ध्या बायकांनी डोळे पुसले होते. सासूबाई तेवढ्या मधूनच उठून गेल्या होत्या.

संध्याकाळी मी सुबोधना सांगितलं. त्यांनी ब्रश धुता धुता ऐकलं. "आईनं फार सोसलंय," ते म्हणाले. "एका पुस्तकावरून वाढवू नकोस."

दुसऱ्या दिवशी माझी उरलेली सात पुस्तकं कपाटातून नाहीशी झाली. मी विचारलं तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या.

"माझ्या ट्रंकेत आहेत. जाळली नाहीत. वाचल्याशिवाय करमेनासं झालं की माग. बघू तेव्हा."

"तुम्हाला त्या पुस्तकांचा एवढा राग का आहे?"

"खोटी आहेत म्हणून."

"त्यात देवाचंच सांगितलंय."

"म्हणून तर," त्या म्हणाल्या आणि मेथीच्या काड्या माझ्याकडे सरकवल्या. "ह्या टाकून ये."

महिनाभर आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोललो. मग त्या भाचीच्या बाळंतपणासाठी दोन दिवस राहुरीला गेल्या. ट्रंकेची किल्ली तांदळाच्या डब्याखाली असते, हे मला माहीत झालं होतं. सुबोध शाळेत गेल्यावर मी ट्रंक उघडली. पुस्तकं वरच होती. ती उचलल्यावर खाली नाडीनं बांधलेला पत्रांचा गठ्ठा दिसला. फौजेच्या डाकेची पत्रं होती, सासऱ्यांच्या हातची. ती वाचायला नको होती. मी वाचली. बरीचशी चार ओळींची होती. थंडी आहे, रोटी बरी मिळते, मुलाला सांभाळ. मी शेवटचं पत्र काढलं आणि त्याची तारीख दोनदा पाहिली. मार्च एकोणीसशे सेहेचाळीस, देवळालीची छावणी.

"सप्रेम सलाम. जहाज मुंबईस सुखरूप लागले. येत्या शुक्रवारच्या गाडीने मनमाडवरून नगरला येतो. मी आता पूर्वीचा राहिलेलो नाही. भेटीत सर्व सांगेन. मुलाला बघायची फार इच्छा आहे."

म्हणजे सासरे जहाजावर वारले नव्हते. ते जिवंत उतरले होते आणि नगरला यायला निघाले होते. मग गेले कुठे? मी ट्रंकेपाशी बसल्या बसल्या उत्तर ठरवून टाकलं. त्यांना दुसरी कोणी भेटली, त्यांनी हिला सोडलं, आणि गावात नाचक्की नको म्हणून हिनं त्यांना नुसतं बोलण्यातच मारून समुद्रात बुडवलं. तेवीस वर्षं ही बाई एका खोट्या मरणावर मान मिळवत होती, आणि माझ्या पुस्तकांना खोटं म्हणत होती. खरं सांगते, मला तेव्हा आनंद झाला. मी पत्र होतं तसं ठेवलं, पुस्तकंही परत वर ठेवली आणि किल्ली डब्याखाली सरकवली.

पुढच्या बुधवारी मी नवी गोष्ट सुरू केली. ती कुठल्याच पुस्तकात नव्हती. फ्रान्समधलं एक खेडं, तिथं मार्गारेट नावाची मानी बाई. नवरा युद्धावर जातो. युद्ध संपतं. तो बोटीवर वारला, असं ती सगळ्यांना सांगते. गाव तिला डोक्यावर घेतं. मी सांगत होते आणि सासूबाईंकडे बघत होते. त्या नेहमीसारख्या पहिल्या ओळीत बसल्या होत्या, उजवा कान माझ्याकडे करून. त्यांचा चेहरा हलला नाही. घरी आल्यावर त्यांनी चहा केला आणि मला कप दिला. काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या बुधवारी मी मार्गारेटच्या कपाटात एक पत्र ठेवलं. सासूबाई तेव्हाही गप्प बसल्या. त्या गप्प राहण्याचा मला इतका राग आला की मी मनाशी म्हटलं, तिसऱ्या बुधवारी सगळं उघडं करायचं. नाव घ्यायचं नाही, पण एकही बाई अंधारात राहू द्यायची नाही.

तिसऱ्या बुधवारी हॉल भरला होता. "नवरा जिवंत होता," मी म्हणाले. "मार्गारेटला ते ठाऊक होतं. त्यानं तिला टाकली होती. दुसरीबरोबर निघून गेला होता. तिच्या गर्विष्ठ मनाला ते..."

"लिदिया."

सासूबाई बसल्या जागेवरून बोलल्या. "हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"आहे एका."

"माझ्या ट्रंकेत सात आहेत. त्यात हे नाही. दुसरं काय आहे ट्रंकेत, ते मला माहीत आहे. आता तुलाही माहीत आहे." त्या उठल्या. "बस खाली. तुला पुढचं ठाऊक नाही. मी सांगते."

मी बसले.

त्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या. "ही फ्रान्सची बाई नाही," त्यांनी सुरुवात केली. "मीच आहे ती. ही माझ्याबद्दल बोलतेय. नवऱ्यानं मला टाकलं नाही. टाकलं असतं तर मी देवाचे आभार मानले असते. लग्न झालं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. पहिल्या वर्षी त्यानं माझा हा कान घालवला. उलट्या हातानं मारलं, पातेलं हातात होतं. मी सगळ्यांना सांगितलं, लहानपणी ताप आला होता. दुसऱ्या वर्षी मला सातव्या महिन्यात मुलगी झाली. ती रडलीच नाही. दवाखान्यात मी सांगितलं, विहिरीवर पाय घसरला. मी कुठंच पडले नव्हते."

मागे कोणाचं तरी बाळ कुरकुरलं, आणि आईनं त्याला लगेच पदराखाली घेतलं.

"मग सुबोध पोटात असताना तो फौजेत गेला. तुम्ही सगळ्या म्हणता, युद्धाची चार वर्षं तबिथानं कशी काढली. सांगते. घरात कोणी ओरडत नव्हतं. मी दवाखान्यात कामाला लागले, वाचायला शिकले. रात्री कडी लावून झोपायचे. माझ्या आयुष्यातली ती पहिली शांत वर्षं. आणि मी रोज गुडघे टेकून प्रार्थना केली. तो परत यावा म्हणून नाही. येऊ नये म्हणून."

"तबिथाबाई," पाळकीणबाई हळूच म्हणाल्या. "नका बोलू पुढे."

"का? हिची गोष्ट तीन बुधवार ऐकलीत. माझी दहा मिनिटं ऐका. सोमवारी त्याचं पत्र आलं, शुक्रवारी येतो म्हणून. त्या वेळचे पाळक आता हयात नाहीत. मी त्यांच्याकडे गेले आणि सांगितलं, तार आली, जहाजावर वारले. बुधवारी याच चर्चमध्ये त्याची स्मरणाची उपासना झाली. शुक्रवारी मी एकटी स्टेशनवर गेले."

त्यांनी पाणी मागितलं नाही. आवाजही चढवला नाही.

"तो गाडीतून उतरला. वाळला होता. मला बघून रडायला लागला. म्हणाला, एका पाद्र्यानं माझ्यासाठी प्रार्थना केली, मी दारू सोडली, मी बदललोय, मला माफ कर. फलाटावर माझ्या पाया पडायला वाकला. मी म्हटलं, इसहाक, परवा तुझी उपासना झाली, गाव रडलं. घरी यायचं तर ये. मी दारात उभी राहून आपल्या मुलीचं सगळ्यांना सांगेन. तो बाकावर बसला. लेकराला एकदा दाखव, म्हणाला. मी नाही म्हटलं. मनमाडला जाणाऱ्या गाडीत तो परत चढला. बस, एवढंच."

"तो रडला, देवाचं नाव घेतलं," पाळकीणबाई म्हणाल्या. "आणि तरी तुम्ही? कदाचित तो खरंच बदलला असेल."

"असेल."

"मग क्षमा करायला नको होती?"

"पाळकीणबाई, मी देवाकडे चार वर्षं एकच गोष्ट मागितली. त्यानं दिली नाही. मग ती मी केली. तो बदलला की नाही, हे बघायला मला त्याच्याबरोबर एका घरात राहावं लागलं असतं. ते मला बघायचं नव्हतं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुझ्या पुस्तकात ती बाई दार उघडते आणि पुस्तक संपतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं, ते लिहिणारीनं लिहिलंय का कुठं?"

त्यांनी छत्री उचलली आणि त्या एकट्याच घरी निघाल्या. शेवटचं गीत त्या दिवशी कोणी म्हटलं नाही.

मी घरी पोहोचले तेव्हा सुबोध आधीच आले होते. कोणीतरी शाळेत जाऊन त्यांना सांगितलं होतं. फोटो भिंतीवरून काढून त्यांनी मांडीवर घेतला होता. सासूबाई समोरच्या खुर्चीत होत्या.

"खरं आहे?" त्यांनी आईला विचारलं.

"खरं आहे."

"मी दर मार्चला या फोटोखाली गुडघे टेकले. तू शेजारी बसायचीस."

"हो."

"ते मला बघायला आले होते."

"हो. आले होते."

"तू मला विचारलंसुद्धा नाहीस."

"तू पाच वर्षांचा होतास, सुबोध."

"नंतर मी पंचवीस वर्षांचा होतो, आई."

सुबोधनी माझ्याकडे पत्र मागितलं. मी ट्रंकेतून काढून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते देवळालीला गेले.

पाच दिवसांनी परतले. आम्ही तिघं दुपारी जेवायला बसलो होतो. त्यांनी भात कालवला आणि घास न घेता सांगायला लागले. देवळालीच्या चर्चच्या दप्तरात नाव सापडलं होतं. तिथून ते इगतपुरीला गेले. इसहाक उजागरे तिथं एका शाळेत शिपाई होते. आठ वर्षांपूर्वी वारले. त्यांनी दुसरं लग्न केलं होतं. चर्चमध्ये सांगितलं होतं की पहिली बायको वारली.

सासूबाईंनी मान वळवून उजवा कान पुढे केला.

"मी त्या बाईंच्या घरी गेलो," सुबोध म्हणाले. "म्हाताऱ्या आहेत, साध्या आहेत. त्यांनी मला जेवू घातलं. म्हणाल्या, चौदा वर्षांत बाबांनी कधी आवाज चढवला नाही. दारूला शिवले नाहीत. रविवारी मुलांना गाणी शिकवायचे. माझं नाव बाबांनी त्यांना सांगितलेलं होतं. एक मुलगा होता, एवढंच म्हणायचे."

सासूबाईंनी भात कालवला.

"तिला दोन्ही कानांनी ऐकू येतं?" सासूबाईंनी विचारलं.

"आई."

"येतं का?"

"येतं."

"बरं झालं तिचं," त्या म्हणाल्या आणि भाताचा घास घेतला.

सुबोधनी ताट सरकवलं. मी त्यांना इतकं पांढरं पडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "रविवारी उपासनेत उभी राहा," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर माफी माग."

"कोणाची?"

"बाबांची. देवाची."

"देवाचं आणि माझं मी बघते. तुझ्या बाबांनी दुसरीला सुख दिलं, ते त्यांच्या नावावर जमा राहू दे. माझी मुलगी कोणाच्या नावावर लावू, ते तू सांग."

"मग यापुढे मी तुझ्याबरोबर जेवायला बसणार नाही."

"नको बसू," त्या म्हणाल्या. त्यांनी ताटातला भात संपवला, ताट घासून पालथं घातलं आणि मगच आपल्या खोलीत गेल्या.

सुबोध शब्दाला जागले. त्या आठवड्यात घरात दोन वेळा ताटं वाढली जायची, आधी त्यांचं, मग आम्हा दोघींचं. चर्चमध्ये बायका सासूबाईंच्या बाकावरून उठून दुसरीकडे बसायला लागल्या. दोघी-तिघींनी मात्र त्यांना चर्चमागे गाठून हळू आवाजात काहीतरी विचारलं. काय विचारलं ते मला कळलं नाही. मी जवळ गेले की त्या बोलणं थांबवायच्या. बुधवारी पाळकीणबाईंनी मला गोष्ट सांगायला बोलावलं. मी नाही म्हणाले. कधीच सांगितली नाही पुन्हा.

शनिवारी सासूबाईंनी जाहीर केलं की दवाखान्यामागच्या चाळीत त्यांच्या ओळखीच्या एका निवृत्त नर्सबाईंकडे खोली रिकामी आहे. सुबोध खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनी थांब म्हटलं नाही. टांग्यात ट्रंक चढवायला मीच गेले आणि चढवल्यावर स्वतःही टांग्यात बसले. सासूबाईंनी हरकत घेतली नाही.

खोली लहान होती. एक खाट, एक स्टूल, भिंतीत फळी. टांगेवाल्यानं ट्रंक दारात ठेवली आणि तो गेला. मी तिची मूठ धरून ती आत ओढली. मग उभी राहिले. मला जे म्हणायचं होतं ते मी आठवडाभर मनात घोकत होते, आणि आता त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"आई, मी तुम्हाला खाली बघायला लावायला ती गोष्ट सांगितली. मला माहीत नव्हतं. मला माफ करा."

त्या खाटेवर बसून चादरीच्या सुरकुत्या सारख्या करत होत्या. मान वर करून त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. पहिल्यांदाच, तिरकं नाही.

"तो माणूस फलाटावर लोकांसमोर रडला," त्या म्हणाल्या. "माझ्या पायाशी वाकला. आणि आता कळलं, तो खरं बोलत होता. त्याला मी माफी दिली नाही. तुला दिली तर मी कोण ठरेन, लिदिया?"

मी ट्रंकेजवळ वाकले.

"ट्रंक खाटेखाली सरकव आणि जा," त्या म्हणाल्या. "सुबोध तुझ्या हातचं खातोय तोवर त्याला वेळेवर वाढ."

मी ट्रंक सरकवली. बाहेर पडताना मी दार ओढून घ्यायला हात लावला, तर त्यांनी आतून ते धरलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "माझी कडी मी लावते."